साखर आधी उतरली, वजन मागाहून

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथे वॉल्टर पोरीज या सर्जननी १९८० पासून अतिस्थूल रुग्णांवर जठराची बायपास शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. हेतू एकच, वजन उतरवणं. त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांना टाइप २ मधुमेहही होता आणि काही जण इन्सुलिनवर होते. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांत काही वेगळंच दिसू लागलं. साखर उतरत होती, इन्सुलिन कमी करावं लागत होतं, काहींचं तर बंदच झालं. वजन मात्र अजून जवळपास होतं तिथेच होतं. शंभर-सव्वाशे किलोचं शरीर आठवड्याभरात बारीक होत नाही. मग साखर कशाने उतरली?

मधुमेह एकदा जडला की जन्माचा, हे तेव्हा गृहीतच होतं. आधी एक गोळी, मग दोन, मग इन्सुलिन, मग त्याचे युनिट वाढत जाणार. आपल्याकडेही घरोघरी ही चढण पाहिलेली आहे. पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा वर्षांचा हिशोब १९९५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात मांडला. शस्त्रक्रिया झालेले एकूण ६०८ जण. त्यांतल्या ज्या १४६ मधुमेहींचा पाठपुरावा झाला, त्यांपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली आणि तशीच टिकली. ‘असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?’ अशा अर्थाने त्या लेखाच्या शीर्षकाची सुरुवात होते. शास्त्रीय नियतकालिकात एका अनुभवी सर्जननी इतक्या मोकळेपणाने चकित व्हावं, हे मला फार लोभस वाटतं.

खुणा त्याआधीही दिसल्या होत्या. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या तीन मधुमेही रुग्णांची साखर सुधारल्याची नोंद १९५५ मध्ये छापून आली होती. आयोवातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी जठराची पहिली बायपास केली, तीही अल्सरच्या शस्त्रक्रियेनंतर माणसं बारीक होतात आणि बारीकच राहतात, हे पाहून. पण सगळ्यांचं लक्ष वजनकाट्याकडे होतं. जठर छोटं केलं, खाणं घटलं, वजन उतरलं, एवढा सरळ हिशोब. साखरेने तो चुकवला.

पोटात नेमकं काय बदलतात ते जवळून पाहू. आपल्या जठरात सहज लिटरभर अन्न मावतं. बायपासमध्ये त्याचा अगदी वरचा, जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढा भाग वेगळा करून त्याची छोटी पिशवी बनवतात. उरलेलं जठर काढत नाहीत, ते आत तसंच राहतं, फक्त अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतं. त्याला लागून असलेला वीतभर ड्युओडेनम, जिथे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो, तोही बाजूला पडतो. पुढे थोड्या अंतरावर लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक वर आणतात आणि छोट्या पिशवीला जोडतात. पित्त आणि पाचकरस वाहून आणणारा वरचा तुकडा मीटर-दीड मीटर खाली पुन्हा आतड्याला जोडला जातो. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही जोडणी स्वित्झर्लंडच्या सेझार रू या सर्जनच्या नावाने ओळखली जाते. आता घास गिळला की तो थेट आतड्याच्या मधल्या भागात उतरतो. ज्या भागापर्यंत एरवी अन्न बरंच पचून, उशिरा आणि थोडंथोडं पोचायचं, तिथे ते काही मिनिटांत जवळजवळ जसंच्या तसं येऊन पडतं.

आतडं म्हणजे नुसती अन्न वाहून नेणारी नळी असती, तर या वळणाने पचन थोडं बिघडलं असतं, एवढंच. पण आतडं हा शरीरातला हार्मोन बनवणारा सर्वांत मोठा अवयव आहे. किंबहुना हार्मोन नावाची गोष्ट माणसाला पहिल्यांदा कळली तीच आतड्यामुळे. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वेटोळ्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात सौम्य आम्ल सोडलं. मज्जातंतू नाहीत म्हणजे निरोप जायला वाट नाही, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. तरी दोन-तीन मिनिटांत स्वादुपिंडातून रस ठिबकू लागला. मग स्टार्लिंगनी आतड्याचं अस्तर खरवडलं, ते वाळू आणि आम्लासोबत खललं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस ठिबकला. निरोप रक्तातून जात होता. त्या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिलं आणि तीन वर्षांनी स्टार्लिंगनी अशा सगळ्या पदार्थांसाठी हार्मोन हा शब्द वापरात आणला.

आतड्याचा हा निरोप साखरेच्या बाबतीत किती मोठा असतो, ते १९६४ मध्ये कळलं. रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत तेव्हा नुकती हाती आली होती. संशोधकांनी निरोगी माणसांना ग्लुकोज एकदा शिरेतून दिलं आणि एकदा पोटातून. शिरेतून दिलेलं ग्लुकोज थेट रक्तात जातं, तेव्हा इन्सुलिन त्यानेच जास्त सुटायला हवं होतं. झालं उलटंच. पोटातून गेलेल्या ग्लुकोजमुळे कितीतरी जास्त इन्सुलिन सुटलं. म्हणजे स्वादुपिंड फक्त रक्तातली साखर पाहून काम करत नाही. अंगणात पंगत बसल्याची वर्दी स्वयंपाकघरात पोचावी, तशी अन्न आल्याची वर्दी आतड्याकडून स्वादुपिंडाला आधीच गेलेली असते. निरोगी माणसात जेवणानंतर सुटणाऱ्या इन्सुलिनपैकी निम्मं किंवा त्याहूनही जास्त या वर्दीमुळे सुटतं. टाइप २ मधुमेहात या वर्दीचा जोर बराच ओसरलेला असतो.

ही वर्दी देणारे हार्मोन मुख्यतः दोन. जीआयपी हे जास्त करून ड्युओडेनमच्या आसपासच्या पेशींतून सुटतं. जीएलपी-१ हे एल-पेशींतून, आणि या पेशी आतड्यात जसजसं खाली जावं तसतशा दाट होत जातात. या एल-पेशीचं मला फार अप्रूप वाटतं. आतड्याच्या अस्तरात शेजारच्या पेशींमध्ये ती दाटीवाटीने बसलेली असते. तिचं निमुळतं टोक आतड्याच्या पोकळीत डोकावतं आणि समोरून जाणाऱ्या साखरेचा, चरबीचा, प्रथिनांचा अंदाज घेतं. पसरट बूड मात्र रक्तवाहिन्यांकडे असतं आणि हार्मोन त्या बाजूने सुटतं. सुटलेलं जीएलपी-१ रक्तात अर्धं उरायला दोन मिनिटंही लागत नाहीत, इतक्या झपाट्याने एक एन्झाइम ते तोडत असतं. पण एवढ्या अल्पायुष्यात ते इन्सुलिन वाढवतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवरतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला पुरे म्हणून सांगतं. शिवाय इन्सुलिन वाढवायचं काम ते रक्तात साखर चढलेली असेल तरच करतं. साखर खाली आली की त्याचा जोर आपोआप ओसरतो.

कोपनहेगनचे येन्स यूल होल्स्ट या हार्मोनपर्यंत पोचले तेही शस्त्रक्रियेच्याच वाटेने. १९७० च्या दशकात तरुण डॉक्टर असताना त्यांच्यासमोर अल्सरची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. जेवल्यावर थोड्या वेळाने त्यांना घाम फुटायचा, गळून गेल्यासारखं व्हायचं, कारण साखर धाडकन खाली यायची. इतकं इन्सुलिन सुटतं कशामुळे, हा होल्स्ट यांचा प्रश्न होता. त्याचा माग काढता काढता ते ग्लुकॅगॉनच्या या आतड्यातल्या भावंडापर्यंत आले. आज आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन वजन आणि साखर उतरवणाऱ्या औषधांची मुळं तिथपर्यंत जातात.

बायपासनंतर अन्न झटपट आतड्यात खाली पोचतं, म्हणजे एल-पेशींच्या दारात. त्यामुळे जेवणानंतरचं जीएलपी-१ कित्येक पटींनी वाढतं, बऱ्याच अभ्यासांत दहापटीच्या आसपास. हे नुसतं सोबतीला घडतं की साखर त्यामुळेच सुधारते? याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर डेन्मार्कमधल्या एका रुग्णाकडून मिळालं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाल्यामुळे त्याच्या बाजूला पडलेल्या जुन्या जठरात नळी घालावी लागली होती. म्हणजे एकाच माणसाला अन्नाच्या दोन वाटा. तोंडाने खाल्लं तर नवी वाट, नळीतून दिलं तर जन्मजात जुनी वाट. डॉक्टरांनी तेच जेवण एकदा एका वाटेने दिलं, एकदा दुसऱ्या. जुन्या वाटेने गेलेल्या जेवणानंतर साखर मधुमेह्याची होती. नव्या वाटेने गेलेल्या जेवणानंतर दोन तासांनी ती नॉर्मल होती, आणि मधल्या वेळात जीएलपी-१ आणि इन्सुलिन उसळून आलं होतं. वजन तेच, यकृत तेच, स्वादुपिंड तेच. फरक फक्त अन्न कुठून गेलं एवढाच. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. एकाच रुग्णाची गोष्ट, तरी मोठमोठ्या अभ्यासांना जे इतकं स्वच्छ दाखवता येत नाही, ते तिने दाखवलं.

नव्या वाटेने जेवल्यावर साखर सुरुवातीला उलट जास्त चढते, हेही ऐकण्यासारखं आहे. अन्न अडून राहायला जागाच नसल्यामुळे अर्ध्या तासाच्या आसपासच उंच टोक गाठलं जातं. पण वर्दीही तितक्याच जोरात गेलेली असते, म्हणून इन्सुलिन वेळेवर येतं आणि साखर तितक्याच वेगाने खाली येते. काहींच्या बाबतीत हे इतकं जोरात होतं की काही वर्षांनी जेवणानंतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागते. होल्स्ट यांना रुग्णांमध्ये दिसलेला तोच त्रास.

हे सगळं एका जीएलपी-१ वर सोपवावं असा मोह होतो. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि मला तर ती इथून पुढे जास्त आवडते. इटालियन सर्जन फ्रान्चेस्को रुबिनो यांनी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे मधुमेही पण सडपातळ उंदरांवर शस्त्रक्रिया केली. जठराला हात लावला नाही, फक्त ड्युओडेनम आणि त्याच्या पुढचा थोडा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला. खाणं घटलं नाही, वजन उतरलं नाही, तरी साखर सुधारली. ड्युओडेनममधून अन्न गेल्यामुळेच काहीतरी बिघडत असावं, अशी शंका त्यातून आली. वरच्या आतड्याला दोष देणारे आणि खालच्या आतड्याला श्रेय देणारे असे दोन पक्ष पडले.

मग स्लीव्ह शस्त्रक्रिया आली. आज भारतात आणि जगातही हीच सर्वाधिक होते. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरतं ते केळ्यासारखं निमुळतं जठर. आतड्याला कुणी हातही लावत नाही. ड्युओडेनम वाटेतच असतो. तरीही जीएलपी-१ वाढतं आणि बऱ्याच जणांची साखर सुधारते. कारण निमुळतं जठर भराभर रिकामं होतं आणि अन्न खाली लवकर पोचतं. पण जीएलपी-१ ऐकूच येणार नाही अशा जनुकीय बदल केलेल्या उंदरांमध्येही स्लीव्हचा फायदा झाला. पित्ताम्लांना ओळखणारा एफएक्सआर नावाचा ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांमध्ये मात्र हा फायदा बराच ओसरला. चरबी पचवणं एवढंच ज्याचं काम समजलं जात होतं, ते पित्त असा हार्मोनसारखा बोलतंय. बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. बायपास केलेल्या उंदरांच्या आतड्याचा जो भाग पिशवीला जोडलेला असतो, तो जाड होतो, वाढतो आणि त्या वाढीसाठी रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो.

दुसऱ्या बाजूने न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी एक साधा प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेनंतर पहिले दिवस रुग्ण खातो तरी काय? आपल्याकडच्या रुग्णाचं बोलायचं तर ताक, पातळ पेज, वरणाचं पाणी, तेही घोट घोट. शस्त्रक्रिया न करता एखादा एवढंच जेवला तर? २०११ मध्ये त्यांनी ११ मधुमेहींना रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. यकृतात साठलेली चरबी झपाट्याने उतरली होती. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या संशोधकांनी बायपास केलेले ११ जण आणि नुसत्या आहाराने वजन घटवलेले ११ जण समोरासमोर ठेवले. दोन्हींकडे वजन सारखंच, सुमारे १८ टक्क्यांनी उतरलेलं. इन्सुलिनचा असर आणि साखरेचा ताबा दोन्ही गटांत सारखाच सुधारला होता.

मग आतड्याच्या हार्मोनचं काय? माझ्या समजुतीप्रमाणे इथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. उपाशीपोटीची साखर उतरते ती बहुतेक यकृताने चरबी झटकल्यामुळे, आणि ते कमी खाण्याने होतं. जेवणानंतरची साखर सावरते त्यात आतड्याच्या वर्दीचा मोठा वाटा असतो. डॅनिश संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींमध्ये जीएलपी-१ चा परिणाम औषधाने रोखून पाहिला, तेव्हा इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींची सुधारलेली चपळाई पुन्हा आधीच्या पातळीवर आली. पण हार्मोनचं सर्वांत मोठं काम मला तिसरंच वाटतं. आहाराने १८ टक्के वजन उतरवणारे आणि ते टिकवणारे किती? डाएट करणाऱ्या माणसाच्या जठरातून भूक चेतवणारं घ्रेलिन जास्त सुटू लागतं. शरीर गेलेलं वजन परत मागतं, रात्रंदिवस मागतं. यात इच्छाशक्ती कमी पडली म्हणून माणसाला बोल लावणं अन्यायाचं आहे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः स्लीव्हनंतर, घ्रेलिन घटतं, कारण ते बनवणारा जठराचा वरचा घुमट काढलेला असतो. त्याच वेळी पोट भरल्याची जाणीव देणारं पीवायवाय एल-पेशींतूनच वाढून येतं. माणूस कमी खातो आणि तरी उपाशी नसतो. उलट, जठराच्या वरच्या तोंडाशी पट्टा आवळायची जुनी शस्त्रक्रिया होती, तिच्यात जीएलपी-१ असं उसळत नाही. त्या रुग्णांची साखरही सुधारली, पण वजन उतरेल तसतशी, हळूहळू.

या कथेत पुण्याचंही एक पान आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक माणूसही आतून चरबी साठवून असू शकतो आणि त्याला मधुमेह लवकर गाठतो, हे त्या एका फोटोने जगाला सांगितलं. मग लठ्ठपणाच्या पाश्चात्त्य मापात न बसणाऱ्या भारतीय मधुमेह्याला ही शस्त्रक्रिया उपयोगी पडेल का? पुण्याचे सर्जन शशांक शहा, जयश्री तोडकर आणि सहकाऱ्यांनी बीएमआय ३५ पेक्षा कमी असलेल्या १५ मधुमेहींवर बायपास केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं थांबली होती. गट छोटा होता, पण असेच अभ्यास इतरत्रही होत गेले आणि निकष बदलले. लठ्ठपणासाठी अशी शस्त्रक्रिया सुचवायचा उंबरठा आशियाई लोकांसाठी आता बीएमआय २७.५ इतका खाली धरला जातो.

हा रामबाण मात्र नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रोममधल्या एका अभ्यासात दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३७.५ टक्के मधुमेहमुक्त राहिले होते, औषधांवर असलेल्यांपैकी ५.५ टक्के. म्हणजे फरक प्रचंड, पण निम्म्याहून जास्त जणांकडे साखर परतलीच. ज्यांचा मधुमेह फार जुना, ज्यांच्या स्वादुपिंडातल्या पेशी थकून गेलेल्या, त्यांना फायदा कमी होतो. वर्दी कितीही जोरात दिली तरी ऐकणाऱ्यात दम हवा. आणि बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर.

इतक्या वर्षांत आतड्याच्या या बोलीतले काही शब्द औषधांत उतरले. हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ शी साधर्म्य असलेला, पण झटकन न तुटणारा पदार्थ सापडला आणि त्यावरून बनलेलं पहिलं औषध २००५ मध्ये आलं. मग सेमाग्लुटाइड. मग टिर्झेपॅटाइड, जे जीएलपी-१ सोबत जीआयपीचीही नक्कल करतं आणि वजन त्याहून जास्त उतरवतं. इथे संशोधक पुन्हा चक्रावले आहेत. टिर्झेपॅटाइड जीआयपीचा ग्राहक चालू करतं. चाचण्या सुरू असलेलं दुसरं एक औषध, मॅरिटाइड, जीएलपी-१ चालू करून तोच जीआयपीचा ग्राहक बंद करतं. आणि वजन दोन्हींनी उतरतं.